सागरी प्रवाहांचे अध्यापन (दिलसुखनगर, हैदराबाद)

सागरी प्रवाहांचे अध्यापन : समुद्राचे पाणी ठरावीक दिशेने दूरवर का आणि कसे वाहते, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्याची रीत. लाट, भरती-ओहोटी आणि प्रवाह यांची फारकत करणे ही तिची पहिली पायरी. लाटेत पाणी बव्हंशी जागच्या जागी वर-खाली होते, पुढे जाते ती ऊर्जा. भरती-ओहोटी चंद्र-सूर्याच्या ओढीने होते आणि काही तासांत उलटते. प्रवाहात मात्र पाणीच प्रवासाला निघते आणि उष्णता, क्षार, माशांचे खाद्य, तेलाचे तवंग असे सगळे सोबत नेते. तेलुगू वर्गात याला ‘समुद्र प्रवाहालु’ म्हणतात, त्यामुळे हैदराबादच्या मराठी घरांतल्या मुलांना निदान हा शब्द तरी नवा वाटत नाही.

दिलसुखनगर हा हैदराबादच्या आग्नेय भागातला, विजयवाड्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचा गजबजलेला परिसर शिकवणी वर्गांसाठी ओळखला जातो. इथून समुद्र सरळ रेषेत अडीचशे किमी.हून दूर आहे. किनाऱ्यावरच्या मुलाला पाण्याची ओढ पायांना कळते. इथल्या मुलाला ती नकाशावरच्या तांबड्या-निळ्या बाणांतून कळून घ्यावी लागते. उष्ण प्रवाह तांबडे, शीत प्रवाह निळे, मग गल्फ स्ट्रीम, कुरोशिओ, लॅब्राडोर, हंबोल्ट ही नावे पाठ करायची, असा शिरस्ता परीक्षेच्या तयारीत सहज पडतो. महाराष्ट्रातही आठवीच्या भूगोलात ‘सागरी प्रवाह’ हा स्वतंत्र पाठ आहे आणि तिथेही विद्यार्थ्याच्या मनात शेवटी उरतात ते बाणच. ही नावे यायला हवीत. पण कायम एकाच दिशेला रोखलेला बाण आपल्या समुद्राविषयी चुकीची समजूत करून देतो. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत प्रवाहांची मोठी चक्रे वर्षभर एकाच दिशेने फिरतात. हिंदी महासागराला उत्तरेकडे आशिया खंडाने अडवले आहे, आणि त्याच्या उत्तर भागावरचे वारे वर्षातून दोनदा उलटतात. त्यांच्याबरोबर प्रवाहही उलटतात. सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा प्रवाह नैर्ऋत्य मोसमात उत्तरेकडे, सेकंदाला दोन मीटरहूनही अधिक वेगाने धावतो आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे वळतो. म्हणून इथल्या वर्गात प्रवाहांचा पहिला नकाशा एक नसावा, दोन असावेत : एक जुलैचा, एक डिसेंबरचा.

दिलसुखनगरच्या विद्यार्थ्याला हा विषय घरचा वाटावा असा एक धागा त्याच्या जवळूनच वाहतो. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी नदी शेजारच्या मूसारामबागेवरून पुढे जाते आणि नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीजवळ कृष्णेला मिळते. कृष्णा निघते महाबळेश्वरला, अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किमी.वर, तरी पाठ फिरवून सुमारे १,४०० किमी. पूर्वेला जाते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी आणि कृष्णा या उपसागरात इतके गोडे पाणी ओततात, की त्याच्या उत्तर भागात पृष्ठाची क्षारता हजारी ३३ च्याही खाली येते. अरबी समुद्रात नद्यांचे पाणी कमी आणि बाष्पीभवन जास्त, म्हणून त्याच्या उत्तर भागात ती हजारी ३६ च्या वर असते. एकाच अक्षांशावरचे, एकाच देशाचे दोन शेजारी समुद्र, आणि त्यांच्या चवीत एवढा फरक.

ऑक्टोबरपासून पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो. तो हे कमी खारे पाणी आंध्र आणि तमिळनाडूच्या काठाने श्रीलंकेपर्यंत नेतो. तिथून त्यातला काही भाग बेटाला वळसा घालून पश्चिमेला येतो आणि हिवाळ्यात केरळ, कर्नाटक, गोवा असा उत्तरेकडे सरकतो. कृष्णेच्या मुखापासून गोव्यापर्यंतची ही वाट मोजली तर अंदाजे अडीच हजार किमी. भरते. वेग सेकंदाला ३० सेंमी. धरला तर दिवसाला २६ किमी., म्हणजे सव्वातीन महिने. हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. प्रवाह म्हणजे नळ नव्हे, वाटेत पाणी मिसळते, पांगते, भोवऱ्यांत अडकते, हेही त्याच वेळी सांगावे. तरीही सह्याद्रीच्या माथ्यावरून पूर्वेला गेलेल्या पाण्याचा अंश समुद्रमार्गे परत सह्याद्रीच्या पायथ्याशी येऊ शकतो, हे एकदा उमगले की बाण पाठ करावे लागत नाहीत.

याच वाटेवर एक कोडे आहे आणि शिक्षकाने ते टाळू नये. वारा पाण्याला ढकलतो, असे सगळी पुस्तके सांगतात. पण हिवाळ्यात गोव्यासमोरचा वारा मुख्यतः उत्तरेकडून येतो आणि किनारी प्रवाह मात्र त्याच्या तोंडावर, उत्तरेकडेच जातो. गोव्यात दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली या हिवाळी प्रवाहाचे प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेले वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या संशोधनातून दिसले की बंगालच्या उपसागरात वाऱ्याने उठवलेल्या, किनाऱ्याला धरून चालणाऱ्या मंद महाकाय लाटा श्रीलंकेला वळसा घालून पश्चिम किनाऱ्यावर येतात आणि इथल्या पाण्याची पातळी व प्रवाह बदलतात. गोव्याचा प्रवाह समजण्यासाठी उपसागरावरचा वारा पाहावा लागतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ रोजी, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर स्थापन झाली. प्रवाहांच्या भारतीय अभ्यासाची पुष्कळशी मांडणी तिथली आहे, पण शालेय पाठांत ती फार थोडी उतरली.

प्रयोगांना खर्च नाही. लुइजी मार्सिली या इटालियन अभ्यासकाने बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वर एका दिशेला आणि खाली उलट दिशेला पाणी वाहते असे पाहिले आणि १६८१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात त्याचे कारण एका पेटीने दाखवले. पेटीच्या मध्ये पडदा, पडद्याला वर-खाली भोके. एका बाजूला जड खारे पाणी, दुसरीकडे हलके. भोके उघडताच जड पाणी तळातून इकडे येते आणि हलके वरून तिकडे जाते. वर्गात काचेची पेटी, पुठ्ठ्यावर प्लॅस्टिक चिकटवून केलेला पडदा, मूठभर मीठ आणि खाण्याचा रंग एवढ्यात हे जमते. परातीत कोमट पाणी घेऊन एका कडेला रंगीत बर्फाचा खडा ठेवला तर थंड पाणी तळाशी सरपटत जाताना दिसते. ध्रुवाजवळचे थंड, खारे पाणी खोल जाऊन जगभर कसे पसरते, हे तिथून सांगता येते.

पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम हा सर्वांत अवघड भाग. पुठ्ठ्याची चकती टाचणीवर बसवावी, एकाने ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावी आणि दुसऱ्याने पट्टीच्या कडेने सरळ रेघ ओढावी. चकती थांबल्यावर रेघ उजवीकडे वळलेली दिसते. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक नॅन्सेन याच्या ‘फ्राम’ जहाजाच्या १८९३ ते १८९६ च्या आर्क्टिक मोहिमेत समुद्रावरचा बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता २० ते ४० अंश उजवीकडे सरकताना आढळला, आणि एकमान या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचे गणित मांडले : उत्तर गोलार्धात वरच्या थराचे एकूण पाणी वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे ढकलले जाते. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत वाऱ्याचा किनाऱ्याला समांतर भाग दक्षिणेकडे असतो. पाणी उजवीकडे, म्हणजे खोल समुद्राकडे सरते आणि त्याची जागा भरायला खालचे थंड, पोषक पाणी वर येते. तारली आणि बांगडा यांच्या मुबलकतेमागे हा काटकोन आहे. बेसिनमधले पाणी या परिणामामुळे गोल फिरत जाते, ही समजूत मात्र वर्गातच खोडावी. हैदराबादच्या अक्षांशावर केवळ या परिणामाने पाण्याला एक फेरी पूर्ण करायला सुमारे ४० तास लागतात, आणि बेसिन मिनिटभरात रिकामे होते.

क्षेत्रभेटीसाठी सरूरनगरचा तलाव हाकेच्या अंतरावर आहे. वाऱ्याच्या दिवशी काठावर उभे राहिले की तरंगता कचरा आणि पाने कोणत्या काठाला गोळा होतात ते दिसते. तलाव लहान, म्हणून तिथे पृथ्वीचे फिरणे जाणवत नाही, फक्त वारा जाणवतो. हा फरक मुलांनी स्वतः ओळखावा. शहराच्या दुसऱ्या टोकाला प्रगतिनगर येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, म्हणजे इन्कॉइस, आहे. मच्छीमारांना मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे हे सांगणारी सूचना इथून मराठीसह किनारी भाषांत जाते, आणि २००७ पासून त्सुनामीचा इशाराही इथूनच दिला जातो. समुद्राविना असलेल्या शहरात देशाच्या समुद्राची नोंद ठेवली जाते, ही गोष्ट दिलसुखनगरच्या प्रत्येक भूगोलाच्या वर्गात सांगितली जावी.

आर्गो प्रकल्पातील तरंगक यंत्रांची भारतीय माहितीही याच केंद्रात ठेवली जाते. जगभर अशी सुमारे ४,००० यंत्रे आहेत. प्रत्येक यंत्र १,००० मी. खोलीवर सुमारे नऊ दिवस वाहत राहते, मग २,००० मी.पर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येते आणि उपग्रहाकडे नोंद पाठवते. ही माहिती सर्वांना खुली आहे. बंगालच्या उपसागरातले एक यंत्र वर्गाने निवडावे आणि दर दहा दिवसांनी त्याची जागा भिंतीवरच्या नकाशावर टाचणीने दाखवावी. दोन टाचण्यांमधले अंतर वेळेने भागून आलेला वेग किनारी प्रवाहाच्या वेगाशी जुळणार नाही, आणि मुले ते विचारतील. हे यंत्र बहुतेक काळ एक किलोमीटर खोल वाहत असते. टाचण्यांनी दाखवलेला प्रवास मुख्यतः तिथल्या संथ पाण्याचा असतो, पृष्ठाचा नव्हे.