पेंडीतले विष

पावसात भिजलेल्या शेंगांच्या पोत्यात हात घातला की बोटांना हिरवट-पिवळी बुरशी लागते. आपण ती झटकतो, शेंगा उन्हात टाकतो, फारच खराब निघाल्या तर गुरांपुढे ठेवतो. कष्टाचे धान्य फेकून देणे जिवावर येते. या बुरशीचा इतिहास मात्र ऐकण्यासारखा आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये टर्की या पाळीव पक्ष्यांत मर लागली. काही महिन्यांत लाखावर पक्षी दगावले. रोगजंतू काही सापडेना. शेवटी शोध येऊन थांबला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी. पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाच्या बुरशीचे विष होते. बुरशीच्या नावावरूनच त्याला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. १९६१ मध्ये अशी पेंड उंदरांना चारून पाहिली, तेव्हा त्यांच्या यकृतात कर्करोगाच्या गाठी आढळल्या.

पण हे झाले पशुपक्ष्यांचे. माणसाचे काय?

त्याचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल जिल्ह्यांत अवकाळी पावसात मका भिजला. गरीब आदिवासी कुटुंबांनी तोच खाल्ला. दुसरे होते काय? ३९७ माणसे काविळीने आजारी पडली, १०६ दगावली. त्यांच्या घरचे अन्न खाणारी कुत्रीही मेली. हा कर्करोग नव्हे. एकदम पुष्कळ विष पोटात गेल्याचा हा परिणाम.

थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले की कर्करोगाचा धोका येतो. यकृतात या विषाचे रूप पालटते आणि ते पेशीतल्या जनुकद्रव्याला चिकटते. ‘ब’ काविळीचा विषाणू अंगात असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. चीनमधल्या शांघाय शहरातील अभ्यासात १९९२ साली हेच दिसले. त्याआधी १९८७ मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली होती.

मग करायचे काय? शेंगा आणि मका खडखडीत वाळवा. पोती ओल्या जमिनीवर नको, फळीवर रचा. बुरसटलेले दाणे निवडून टाका. भाजले-तळले म्हणजे विष गेले असे समजू नका. बुरशी मरते, विष बरेचसे उरते. आणि ते दाणे दुभत्या जनावराला घातलेत तर दुधातून तुमच्याच मुलांच्या पेल्यात येते. ‘ब’ काविळीची लस बाळांना जरूर द्या.

गुरुजींनो, वर्गात हे एकदा सांगा. मुले घरी जाऊन पोते उघडून पाहतील.