गड बंद, आशाताई दारात

मराठवाड्यातल्या माहूरगडावर रेणुकामातेचा प्रसाद म्हणजे तांबूल. विड्याची पानं, कात, बडीशेप खलबत्त्यात कुटायची आणि भाविकांच्या हातावर ठेवायची. मार्च २०२० मध्ये करोनाने राज्यातली देवळं बंद केली. १७ ऑक्टोबरला नवरात्राचे घट बसले, तेही भाविकांविना. हार-नारळवाल्यांपासून जीपवाल्यांपर्यंत ज्यांचं पोट यात्रेवर, त्यांना आजाराइतकाच घोर उद्याचा होता.

अशा मनांची काळजी घेणारी यंत्रणा मराठवाड्यात मुळातच तोकडी होती. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. इथे एकही नव्हतं. उपचार जिल्ह्यापर्यंत न्यावेत म्हणून १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला खरा, पण गावाच्या वेशीपर्यंत पोहोचायला शेतकरी आत्महत्यांचा आकांत लागला.

२०१५ मध्ये सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांनी, घरोघरी जाऊन विचारपूस करायची, खचलेला माणूस हेरायचा आणि त्याला समुपदेशकापर्यंत, डॉक्टरांपर्यंत पोहोचवायचं. फोनवर सल्ल्यासाठी १०४ क्रमांक होता.

साथीत त्याच आशाताईंच्या हाती ऑक्सिमीटर आलं. सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत त्या दारोदार ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. त्यांच्या स्वतःच्या मनावरचा ताण मोजायला मात्र कुणी नव्हतं. जून २०२१ मध्ये मानधनवाढीसाठी त्यांना संपावर जावं लागलं.

देवळं ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेलाच, पुन्हा उघडली. मनाच्या दुखण्यासाठी देशभर चालणारी ‘टेली-मानस’ सेवा, १४४१६ या क्रमांकावर, आणखी वर्षभराने सुरू झाली.