मुलामा आणि झीज

भारतीय तत्त्वज्ञानात भ्रमाचं एक ठरलेलं उदाहरण आहे, शुक्तिरजत. शिंपला पडलेला असतो आणि पाहणाऱ्याला ती चांदी वाटते. दोरी आणि सापाच्या उदाहरणाचंच हे भावंड. पण शिंपल्यावरची चांदी जवळ गेलं की नाहीशी होते. मुलाम्याची चांदी तशी नाही. ती खरीच चांदी असते, फक्त किती आहे हे डोळ्यांना कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इंग्रजी घरगुती भांडी, म्हणजे चमचे, काटे, चहादाण्या, जमवणाऱ्यांचा सगळा खटाटोप या ‘किती’पाशी येऊन थांबतो.

थोडं मागे जाऊ. 1743च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हरने तांब्याच्या पाटावर चांदीचा पत्रा तापवून चिकटवला आणि दोन्ही एकदम लाटले. त्यातून स्वस्त ‘चांदीची’ भांडी निघाली. पुढे 1840 साली बर्मिंगहॅमच्या जॉर्ज आणि हेन्री एल्किंग्टन या चुलत भावांनी विजेने मुलामा देण्याचं पेटंट घेतलं. सायनाइडचं द्रावण वापरण्याची युक्ती जॉन राइट नावाच्या शस्त्रवैद्याची. द्रावणात एका बाजूला चांदीचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला चमचा टांगायचा. वीज सोडली की चांदी पत्र्यावरून सुटते आणि चमच्यावर बसते. चमचा घडवलेला असतो तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा. त्यालाच आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो. त्यात चांदीचा कणही नसतो, पण नाव मात्र सिल्व्हर!

आता बघा, चमचा द्रावणात जितका वेळ राहील तितका थर जाड. पण लवकर बाहेर काढलेला चमचा आणि सावकाश काढलेला चमचा दुकानात सारखेच चमकतात. अस्सल चांदीला इंग्लंडमध्ये सरकारमान्य कसोटी होती. चालता सिंह, शेफील्डचा मुकुट, बर्मिंगहॅमचा नांगर, असे ठसे तपासणीनंतरच उमटत. मुलाम्यावर मात्र कारखानदाराचा शब्द, बस्स. ‘ए-वन’ असा शिक्का मारायचा, पण त्यामागे कायद्याने ठरलेलं माप नाही. त्यातही ई, पी, एन, एस ही अक्षरं वेगवेगळ्या चिमुकल्या ढालींत अशी छापायची की घाईतल्या माणसाला तो चांदीचाच ठसा वाटावा. याला मी फसवणूक म्हणणार नाही, पण त्या अक्षरांना तसं दिसायचं होतं हे नक्की. जर्मन कारखानदार या बाबतीत सरळ. त्यांच्या चमच्यामागचा 90 हा आकडा, ढोबळमानाने, बारा चमचे आणि बारा काटे मिळून 90 ग्रॅम चांदी असल्याचं सांगतो. म्हणजे नगामागे पावणेचार ग्रॅम.

ही चमक आणायचं काम कोण करत होतं? शेफील्डमध्ये फिरत्या चाकावर चमचे-काटे घासण्याचं काम बायका-मुलींकडे होतं. त्यांना ‘बफर गर्ल्स’ म्हणत. अंगाला तपकिरी कागद गुंडाळायचा, डोक्याला फडकं बांधायचं, तरी संध्याकाळी घरी जाताना त्या काळ्याठिक्कर. चमच्याच्या पाठीवर कारखान्याचं नाव असतं, त्यांचं नसतं. घरी आणल्यावरही घासणं संपत नसे, ते मोलकरणीकडे जाई. प्रत्येक वेळी थोडी चांदी फडक्याला लागून जाई.

म्हणून झीज पाहायची. चमचा टेबलावर टेकतो ती पाठीची उंच जागा, आणि जी बाजू रोज ताटलीला घासते ते टोक. चांदी तिथून आधी उडते आणि खालचा पिवळट राखाडी धातू डोकावतो. जुन्या, लाटलेल्या शेफील्ड भांड्यात गुलाबीसर तांबं दिसतं, हा दोन्हींमधला सोपा फरक. कारखान्याने जे सांगितलं नाही ते शंभर वर्षांच्या जेवणांनी असं उघड केलं. माझ्या मते हा चमच्यावरचा एकमेव खरा ठसा.

इथे विक्रेते म्हणतात, पुन्हा मुलामा द्या, नवा करकरीत होईल. आपल्याकडे कल्हईवाला यायचा तेव्हा पितळेची पातेली आपण पुन्हा पुन्हा पांढरी करून घेत होतोच की, असंही कुणी म्हणेल. पण कल्हई जेवणासाठी होती. ती नसेल तर आंबट पदार्थ कळकतो. कल्हई चांदी असल्याचा आव आणत नव्हती आणि ती उडणार हे घरातल्या पोरालाही ठाऊक होतं. रोज त्या चमच्याने जेवायचं असेल तर खुशाल मुलामा द्यावा. संग्रह म्हणून ठेवायचा असेल तर तो पुरावा पुसू नये.

उलट टोकाची वस्तू म्हणजे माशांच्या सुऱ्या-काट्यांची पेटी. साध्या पोलादाची सुरी लिंबाने, व्हिनेगरने काळी पडते आणि माशाची चव बिघडवते, म्हणून मुलाम्याची सुरी निघाली. मध्यमवर्गाने ती लग्नात भेट म्हणून उचलून धरली. जुन्या उमरावांनी नाकं मुरडली, ते दोन काट्यांनीच मासे खात. 1913 साली त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद काढलं आणि पुढे या सुऱ्यांचं कारणच संपलं. आज जुन्या बाजारात अशा पेट्या भरपूर दिसतात. आतलं रेशमी अस्तर जागच्या जागी, सुऱ्या लखलखीत, आणि किंमत अगदी थोडी. त्यातल्या कित्येक बहुधा पाहुण्यांसाठीही कधी उघडल्या गेल्या नसाव्यात.