भोकरदन ते पाँपई : एका हस्तिदंती मूर्तीचा धागा

१९३८ साली इटलीतील पाँपई येथे एका घराच्या उत्खननात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. गळ्यात भरगच्च माळा, कमरेला मेखला, हातभर बांगड्या, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे आणि पाठीवर रुळणारा केशसंभार. याखेरीज अंगावर जवळपास काहीच नाही. दोन्ही बाजूंना तिच्या कमरेपर्यंतही न पोहोचणाऱ्या दोन दासी, प्रसाधनाची साधने हाती घेऊन उभ्या. मूर्ती भारतीय आहे, याविषयी पहिल्या दिवसापासून कोणाला शंका नव्हती.

व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला इ.स. ७९ मध्ये. म्हणजे ही मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथे पोहोचली होती. भारतीय वस्तूंची कालनिश्चिती बहुधा काही दशकांच्या, कधी शतकांच्या अंदाजाने करावी लागते. इथे मात्र एका ज्वालामुखीने कालमर्यादा आखून दिली आहे.

उत्खननाचे प्रमुख होते अमेदेओ मायुरी. त्यांनी या मूर्तीत लक्ष्मी पाहिली आणि तेच नाव रूढ झाले. आजही ती जगभर ‘पाँपईची लक्ष्मी’ म्हणूनच ओळखली जाते. पण लक्ष्मीची ओळख पटवणारी चिन्हे शोधू लागलो, तर हाती फारसे काही लागत नाही. तिच्या हातात कमळ नाही, अभिषेक करणारे हत्ती नाहीत. सांचीच्या तोरणावर गजलक्ष्मी याच सुमारास कोरली गेली आहे. तिच्याशेजारी ही मूर्ती मनाने ठेवून पाहिली की फरक लगेच जाणवतो. अनेक अभ्यासक हिला यक्षी म्हणतात, काही जण केवळ शृंगारमग्न स्त्री.

या नावाच्या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. मूर्तीच्या डोक्यातून खाली उभे भोक पाडलेले आहे. पूजेच्या मूर्तीला अशा भोकाचे काय काम? हे भोक सांगते की मूर्ती स्वतंत्र नव्हती. तिच्या डोक्यावर आणखी काहीतरी बसवलेले होते. मूर्ती हा एखाद्या मोठ्या वस्तूचा भाग होता.

ती वस्तू कोणती? एक मत असे की हा आरशाचा दांडा. त्या काळी आरसे काचेचे नसून घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. धातूच्या तबकडीला खाली एक अणकुचीदार शेपूट असे आणि ते दांड्याच्या भोकात घट्ट बसवले जाई. शृंगाराच्या दासी सोबत असलेली स्त्री आरशाच्या दांड्यावर शोभून दिसते, यात वाद नाही. भोकरदनपासून जवळच असलेल्या अजिंठ्यात, १७ व्या लेण्यात, हाती आरसा धरून स्वतःला न्याहाळणारी राजस्त्री आणि तिच्या भोवतीच्या दासी रंगवल्या आहेत. ते चित्र चार शतके नंतरचे असले, तरी कल्पना तीच. दुसरे मत एलिझाबेथ ड्युरिंग कॅस्पर्स यांचे : ही एका छोट्या तिपाईची खूर असावी. तसे असेल, तर हिच्यासारख्या आणखी दोघी कधीकाळी होत्या आणि तिघींच्या मस्तकांवर एक फळी पेललेली होती. हातात धरायच्या दांड्याला २५ सेंटिमीटर जास्तच वाटतात, शिवाय मागची बाजूही निगुतीने कोरलेली आहे. तिपाईचे मत त्यामुळे अधिक पटते. कोणतेही मत मान्य केले, तरी वस्तू देव्हाऱ्यातली उरत नाही. ती दिवाणखान्यातली किंवा शयनगृहातली ठरते. आजच्या भाषेत, होम डेकोर.

आता जालना जिल्ह्याकडे वळू. केळणा नदीकाठचे भोकरदन हे तालुक्याचे गाव. याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांनी आपापल्या गावांची नावे दगडावर कोरून ठेवली आहेत, त्यांत भोगवर्धनचे दानकर्ते आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावातील माणसांकडे दूरच्या स्तूपाला दान देण्याइतका पैसा आणि तिथवर जाण्याची वाट, दोन्ही होते.

१९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन झाले. (तेव्हा भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते, जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला.) सातवाहनकालीन थरांत हस्तिदंती स्त्रीप्रतिमा मिळाली. ती भग्नावस्थेत आहे, पण घडण आणि दागिन्यांची धाटणी पाहताच अभ्यासकांना पाँपईची आठवण झाली. मराठवाड्यातच, तेर येथेही अशाच वळणाची हस्तिदंती मूर्ती मिळालेली आहे आणि ती तेरच्या संग्रहालयात पाहता येते. त्याआधी पाँपईच्या मूर्तीचा उगम मथुरेकडे शोधला जाई. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तो भोकरदनकडे वळवला.

हस्तिदंत इथून रोमन जगात कसा जात असेल, याचे उत्तर एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या पुस्तिकेत भरुच बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात हस्तिदंत आहे, गोमेदासारखे खडे आहेत, सुती कापड आहे. भरुचहून पैठण २० दिवसांवर, पैठणहून पूर्वेला तेर १० दिवसांवर, आणि माल अवघड वाटांनी गाड्यांतून बंदरावर येतो, असे तो सांगतो. भोकरदनचे नाव त्याने घेतलेले नाही. पण पैठणहून अजिंठ्याचा घाट उतरून खानदेशात जायचे, तर भोकरदनचा परिसर वाटेवरच लागतो.

हाच लेखक भरुचला येणाऱ्या मालाचीही यादी देतो. तीत इटलीची दारू, तांबे, कथील, पोवळे, काच आहे आणि राजासाठी खास चांदीची भांडी, गाणारी मुले व सुंदर मुली. माणसेही मालाच्या यादीत बसवणारा हा निर्विकार सूर वाचताना खटकतो, खटकायलाच हवा. चैनीच्या व्यापाराचा हिशेब रोममध्ये थोरल्या प्लिनीनेही मांडला : भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि तिथला माल इथे शंभरपट दराने विकला जातो. प्लिनी कुरकुऱ्या होता, त्याचे आकडे तोलून घ्यावेत. योगायोग असा की तोही व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मरण पावला.

शोभेच्या वस्तूंची हौस एकतर्फी नव्हती. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात कांस्य वस्तूंचा जो साठा मिळाला, त्यात समुद्रदेव पोसायडनची सुबक मूर्ती होती. पाँपईच्या घरात दख्खनच्या वळणाची यक्षी आणि कोल्हापूरच्या घरात ग्रीक देव! दोन्हीकडच्या धन्यांना त्या मूर्तींमागची कथा कितपत ठाऊक असेल? पाहुण्यांना दाखवताना ‘फार लांबून आणलेय’ एवढे म्हणता आले, तरी पुरेसे असावे.

मग ‘पाँपईची लक्ष्मी जालन्याची’ असे छातीठोकपणे म्हणावे का? मराठवाड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना तसे म्हणणे आवडते. पुरावा मात्र इतका सरळ नाही. पाँपईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर कोरलेले आहे. खरोष्ठी ही वायव्येकडची, गांधार प्रदेशातली लिपी. सातवाहनांचे लेख ब्राह्मीत आहेत. अफगाणिस्तानातील बेग्राम येथे फ्रेंच उत्खननकारांना आसनांना जडवलेल्या भारतीय हस्तिदंती पट्ट्यांचा मोठा साठा मिळाला. त्यांवरही अशी सुटी अक्षरे आहेत आणि ती जोडणी करताना कोणता तुकडा कुठे बसवायचा, याच्या खुणा मानल्या जातात. म्हणजे पाँपईची मूर्ती दख्खनमध्ये कोरली गेली आणि दुसरीकडे जोडली गेली, ही शक्यता उरते. वायव्येतच घडली, हीसुद्धा.

कारागिरांच्या फिरतीचा मुद्दा आणखी वेगळा. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे. तिथले कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे तो सांगतो. हस्तिदंतावर हात बसलेली माणसे दगडावरही तीच नजाकत उतरवत होती. विदिशा, सांची, भोगवर्धन, पैठण ही नावे एकाच रहदारीच्या जाळ्यातली. अशा वेळी शैलीवरून एका गावावर बोट ठेवणे धाडसाचे ठरते. मूर्ती सापडणे आणि मूर्ती घडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाहीतर तिला पाँपईचीच म्हणावे लागेल.

भोकरदनच्या बाजूने ठाम कौल द्यायचा, तर तयार मूर्तीपेक्षा कचरा अधिक उपयोगी पडेल : सुळ्याचे कापून टाकलेले तुकडे, कोरता कोरता तडकून फेकलेली प्रतिमा, पोकळ बुडखा. सुळा मुळाशी पोकळ असतो आणि टोकाकडे भरीव होत जातो. मूर्ती भरीव भागातून निघते आणि उरलेले कारखान्याच्या आवारात पडते. ते धनिकांच्या घरात कधीच पोहोचत नाही. मूर्ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात, पाँपईतील कामुक कलावस्तूंसाठी राखलेल्या ‘गुप्त दालनात’ ठेवली आहे. तिला घडवणाऱ्याचा पत्ता लागायचा, तर तो एखाद्या उकिरड्याच्या थरातच लागेल, मग तो थर केळणेच्या काठी असो की आणखी कुठे.