चुन्याची निवळी आणि प्रवाळ

चुन्याची निवळी म्हटलं की आपल्याला शाळेची प्रयोगशाळा आठवते. नळीने फुंकर मारायची, निवळी दुधाळ झाली की कार्बन डायऑक्साइड सिद्ध! पण घरातल्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्याचा इतिहास याच निवळीपाशी येऊन वळला, हे वाचलं तेव्हा मला जाम गंमत वाटली.

सुरुवात जकार्तापासून करू. १९६१ साली तिथल्या ली चिन एंग यांनी 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या मासिकात आपली पद्धत मांडली. समुद्राचं पाणी, समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, बस्स. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याला हे ठीक आहे हो, पण युरोपातल्या हौशी माणसाने काय करायचं? त्याला मीठ कालवून घरातच समुद्र बनवावा लागे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधायला ते सतत ओढून घेतात, आणि बरोबर कार्बोनेटही. खऱ्या समुद्राला त्याचं काही वाटत नाही. दोनशे लिटरची टाकी मात्र बघता बघता कंगाल होते.

यावर सत्तरच्या दशकात पीटर विल्केन्स यांनी जर्मन भाषेत लिहून जो तोडगा लोकप्रिय केला, तो म्हणजे 'काल्कवासर'. शब्दशः चुन्याचं पाणी! टाकीतलं जेवढं पाणी उडून जाईल तेवढी निवळी थेंब थेंब सोडायची. थेंब थेंब अशासाठी, की तिचा पीएच १२च्या वर असतो. एकदम ओतली तर टाकीतले जीव मरायचे. लिटरभर पाण्यात चुना विरघळतो जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम. बाकीचा गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी घ्यायची. प्रवाळांना कॅल्शियम आणि अल्कलिनिटी ज्या प्रमाणात लागते, जवळजवळ त्याच प्रमाणात ती दोन्ही देते.

पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि ही निवळी अशी मोट बांधली. त्यांच्यातल्या डिट्रिश श्ट्यूबर यांच्याकडचं अॅक्रोपोरा प्रवाळ इतकं फोफावलं, की त्याच्या फांद्या तोडून त्यांनी इतरांना वाटल्या. आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

पण इथेच ग्यानबाची मेख आहे. निवळीत मॅग्नेशियम जवळजवळ नसतंच, कारण इतक्या चढ्या पीएचला ते विरघळत नाही, गाळात बसतं. प्रवाळ ते थोडंसंच घेतात, पण दगडांवर चढणारं गुलाबी-जांभळं चुनखडी शेवाळ बऱ्यापैकी घेतं. समुद्रात मॅग्नेशियम लिटरला साधारण १३०० मिलिग्रॅम, म्हणजे कॅल्शियमच्या तिप्पट. त्यामुळे ते कमी होतंय हे महिनोन् महिने लक्षात येत नाही.

मग बिघडतं काय? उष्ण समुद्राच्या वरच्या पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट मुळात मावतं त्याहून जास्तच असतं. ते स्फटिक होऊन खाली बसत नाही, याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. नव्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर ते चिकटतं आणि त्याची वाढ रोखतं. हा राखणदार हटला, की कॅल्शियम हीटरवर आणि पंपावर पुटं धरतं. तुम्ही कॅल्शियम ओतत राहता, आकडा काही हलत नाही, अल्कलिनिटीही कोसळते आणि प्रवाळांची वाढ थांबते. आमच्या धंद्यातही असंच होतं. एरर दिसते एका ठिकाणी, बग असतो भलतीकडेच.

२००६ साली रँडी होम्स-फार्ली या रसायनतज्ज्ञाने घरी बनवायची कृती सुधारून दिली. एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि दुसरीत भट्टीत भाजलेला खायचा सोडा (भाजला की त्याचा धुण्याचा सोडा होतो). शिवाय मॅग्नेशियमसाठी तिसरा भाग, मॅग्नेशियम क्लोराइड आणि एप्सम सॉल्टचा. या तिसऱ्या भागाचं मला कौतुक वाटतं. कारण अडचण कळल्यावरही माणूस आधी दिसणाऱ्या आकड्यामागेच धावतो.

असो. तर कोणाच्या टाकीत कॅल्शियम चढत नसेल, तर त्याने आणखी एक चमचा ओतण्याआधी मॅग्नेशियम मोजावं. टाकीत प्रवाळ नीट वाढलं तर श्ट्यूबरसारखी फांदी शेजाऱ्याला देता येते. समुद्रातून एक तुकडा कमी तोडला जातो, हेही काही कमी नाही.