कोतवालाची चावडी आणि ठाण्याची कोठडी

शहरातील एखाद्या जुन्या पोलीस ठाण्याच्या नूतनीकरणाची योजना निघाली, की विचार बहुधा दर्शनी भागापासून सुरू होतो. कमान, नामफलक, वरिष्ठ निरीक्षकांचे दालन, वाहनांचा तळ यांची सोय आधी लागते, आणि आरोपींची कोठडी मागे जी जागा उरेल तीत बसवली जाते. पुण्यात तरी असे होऊ नये. कारण एका कोंदट कोठडीपायी ज्या शहराने आपला कोतवाल गमावला, त्या शहराला कोठडीचे मोल निराळे सांगावे लागू नये.

पेशवाईतील कोतवाल हा केवळ चोरांचा काळ नव्हता. जागांच्या खरेदी-विक्रीचे दस्तऐवज, बाजारभाव, वजनेमापे, परगावच्या आल्यागेल्यांची नोंद, किरकोळ तंट्यांचा निवाडा आणि या सर्वांवर रात्रीचा पहारा, एवढा पसारा त्याच्याकडे असल्यामुळे त्याची चावडी म्हणजे आजच्या भाषेत ठाणे, नोंदणी कचेरी आणि नगरपालिका यांचे एकत्र बिऱ्हाडच होते. तिथे मनुष्य गुन्हेगार म्हणून येई त्याहून अधिक वेळा कामकरी, व्यापारी, फिर्यादी म्हणून येई. रात्रीचा अंमल मात्र कडक असे. पेशव्यांच्या पदरी पायदळाचा अधिकारी असलेल्या विल्यम टोनने लिहून ठेवले आहे, की अवेळी बाहेर पडल्याबद्दल खुद्द पेशव्यांनाही एकदा रात्रभर अटकेत राहावे लागले. गोष्ट खरी असेल तर त्या पहारेकऱ्याच्या निधड्या छातीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. श्रीमंतांना बसावयास काय दिले, हे मात्र टोन सांगत नाही.

1777 साली नाना फडणिसांच्या मर्जीने घाशीराम कोतवालीवर आला आणि चौदा वर्षे टिकला. त्याच्या नावाभोवती पुढे इतकी दंतकथा आणि नाट्य साचले, की मूळ प्रसंगातील एक साधी गोष्ट दृष्टीआड झाली. 1791 च्या ऑगस्टअखेर त्याने तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी पकडून कोंडली. पुण्याच्या गॅझेटियरप्रमाणे आत चौतीस माणसे होती, आणि दुसऱ्या दिवशी सरदार मानाजी फाकडे यांनी कुलूप तोडले तेव्हा त्यांतील एकवीस मरून पडली होती. त्यांना कोणी तलवारीने कापले नव्हते, फासावरही चढवले नव्हते. खोली लहान, माणसे फार, दार बंद आणि हवा नाही, एवढ्यानेच ती गेली. कलकत्त्याच्या काळकोठडीचा इंग्रजांनी केवढा डांगोरा पिटला, आणि ही आपल्या घरची काळकोठडी आपण नाटकापुरती ठेवली! संतप्त जमावाने 31 ऑगस्टला घाशीरामास दगडांनी ठेचून मारले. परंतु शहरातील कोंडीच्या जागांना झरोके किती आणि त्यांत माणसे किती मावतात, याची मोजदाद करावी असे त्या क्षोभात कोणाला सुचले असेल, असे वाटत नाही.

कंपनीच्या राज्यात कोतवालीचे एकेक काम सुटून निरनिराळ्या कचेऱ्यांकडे गेले, पुढे नव्या पोलीस दलाची घडी बसली, आणि ठाण्याकडे उरला तो गुन्हा व बंदोबस्त. ज्या इमारती हाती होत्या त्यांतच हा कारभार थाटला गेला. बुधवार पेठेतील ठाणे आजही पेशव्यांच्या तंबू, कनाती व गालिचांच्या कोठाराचे, म्हणजे फरासखान्याचे, नाव मिरवते. चावडीवर हरकामाला येणारा रयतेचा राबता आटला, तेव्हा ठाण्याच्या बांधणीतून त्याची जागाही आटली. ठाणे अंमलदाराचे मेज, त्यावरील स्टेशन डायरी, मागे बिनतारी संदेशाचा कोपरा, बाजूस मुद्देमालाची खोली आणि तीत न मावणाऱ्या जप्त दुचाक्या अंगणात गंजत पडलेल्या. या सगळ्यात फिर्याद द्यायला आलेली बाई कोठे बसते, हे वाचकांनी एकदा जाऊन पाहावे. बहुधा दाराजवळच्या बाकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखाली.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये परमवीरसिंग सैनी यांच्या प्रकरणात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश देताना जागांची यादीच दिली: प्रवेशद्वारे, कोठड्या, व्हरांडे, अधिकाऱ्यांच्या खोल्या, शौचालयाबाहेरची जागासुद्धा. चित्रण अठरा महिने जपावे, असेही सांगितले. आदेश उत्तम आहे. परंतु कॅमेऱ्याने दिसते, श्वास घेता येत नाही. म्हणून नव्या आराखड्यात कोठडी ठाणे अंमलदाराच्या नजरेच्या टप्प्यात असावी, तिला समोरासमोर दोन झरोके असावेत, ते पुढे मुद्देमालाच्या पेट्यांनी बुजू नयेत, आत किती माणसे ठेवता येतील तो आकडा दारावर रंगवलेला असावा, आणि फिर्यादीसाठी आडोशाची वेगळी खोली असावी. ठाण्याच्या नूतनीकरणाचे अंदाजपत्रक मंजुरीस जाण्याआधी त्यात एवढी कलमे आहेत की नाहीत, हे त्या पेठेतील नागरिकांनी माहितीच्या अधिकारात मागून पाहावे.