तबकडीवरची नावे

सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी चहाच्या हॉटेलांतून चावीचा फोनो असे, असे आमचे वडील सांगत. आम्ही बालगंधर्व ऐकले ते पुढे, युनियनच्या कचेरीत, कॅसेटीवर. १९६७ साली निधन पावलेला हा गायक लाँगप्ले, कॅसेट, सीडी अशा नव्या नव्या वेष्टनांतून पुन्हा घरोघर आला, ही आनंदाचीच गोष्ट होय.

मूळ तबकडी लाखेची; मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणारी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे, तेवढ्यात पद आटपायचे. रंगभूमीवर तेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबे. तेव्हा आपल्या कानी येतो तो थानातून कापून घेतलेला नमुना. त्यात पुन्हा नक्कल करताना फेऱ्यांचा वेग चुकला तर गायकाची पट्टीच बदलते.

हेही सोसता येईल. आमची तक्रार निराळी आहे.

'एकच प्याला' हे नाटक गडकऱ्यांचे, परंतु पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. १९१९ साली नाटक रंगभूमीवर आले ते गडकरी वारल्यानंतर. बालगंधर्वांनी सिंधू उभी केली. पगाराच्या दिवशी नवऱ्याची वाट पाहत उंबऱ्यात बसलेल्या बाया आम्ही वस्त्यांतून पाहिल्या आहेत. त्यांना सिंधू परकी वाटत नाही. पण आमच्या कॅसेटीवर गुर्जरांचे नाव नाही! गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा, सारंगीला कादरबक्ष अशी माणसे होती. कॅसेटीवर मात्र साथीला कोण बसले होते, याचा एक अक्षरानेही उल्लेख नाही. गिरणीत बदली कामगाराचेसुद्धा नाव मस्टरवर चढे, हो!

कायदा काय म्हणतो? ध्वनिमुद्रणावरील हक्क आज प्रकाशनापासून ६० वर्षे टिकतो. १९३५ च्या आगेमागेच्या तबकड्यांची मुदत केव्हाच सरली. त्या आता कोणीही काढाव्या, विकाव्या. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा म्हणून जो हक्क, तो कायद्यात शिरला १९९४ च्या दुरुस्तीने. तोवर ही मंडळी हयात नव्हती. मालकी संपली, की नावे राखण्याची जबाबदारीही कोणाची उरत नाही.

आमच्या कचेरीतल्या त्या कॅसेटीच्या कागदावर एका मागवाल्याने शाईने 'पदे : गुर्जर' असे लिहून ठेवले आहे. खाली साथीदारांसाठी दोन ओळी त्याने कोऱ्या सोडल्या आहेत.